तणाच्या नावाने

मिल्कवीड. नावातच 'तण' आहे, त्यामुळे बिचाऱ्याची पत पहिल्यापासूनच बेताची. पान तोडलं की पांढरा चीक येतो, म्हणून 'मिल्क'. आपल्या रुईच्याच कुळातलं हे झाड. तसाच चीक, आणि बोंड फुटलं की तशाच उडणाऱ्या म्हाताऱ्या. रुईला निदान शनिवारी मारुतीच्या गळ्यात मान मिळतो. अमेरिकेतल्या शेतकऱ्याने मिल्कवीडला बहुतेक वेळा खुरपंच दाखवलं.

एकदाच त्याचे दिवस फिरले होते, दुसऱ्या महायुद्धात. लाइफ जॅकेटमध्ये भरायचा कापोक जावा बेटावरून यायचा. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि पुरवठा तुटला. मिल्कवीडच्या म्हाताऱ्या आतून पोकळ, वरून मेणचट, पाण्यावर मस्त तरंगणाऱ्या. मग काय, शाळकरी पोरं पोती घेऊन बोंडं गोळा करत रानोमाळ हिंडली. दोन पोती म्हणजे एक जॅकेट, म्हणजे एक जीव, असा सरळ हिशोब होता. युद्ध संपलं आणि मिल्कवीड परत तण झालं.

पण त्याचं एक गिऱ्हाईक युद्धाच्या आधीही होतं आणि नंतरही राहिलं. मोनार्क फुलपाखरू. त्याची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. त्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या आणि पुढे फुलपाखराच्याही वाटेला सहसा जात नाहीत.

रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मोनार्क हिवाळ्यात जातात कुठे, हे कोडं शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं सुटत नव्हतं. टोरांटोचे फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी १९४० च्या सुमाराला फुलपाखरांच्या पंखांवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये स्वयंसेवकांना हाक घातली. शेवटी जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रगर आणि कातालिना आग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरात, उंचावरच्या ओयामेल वृक्षांवर, लक्षावधी मोनार्क लटकलेले सापडले. पुढच्या जानेवारीत अर्कहार्ट स्वतः तिथे गेले, तर समोर एक चिठ्ठीवालं फुलपाखरू! मिनेसोटातल्या चास्का गावच्या शाळकरी मुलांनी लावलेली चिठ्ठी. सरळ रेषेत मोजलं तरी अडीच हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर. आणि हे फुलपाखरू तिथे आयुष्यात पहिल्यांदाच गेलेलं! उन्हाळ्यातल्या पिढ्या जेमतेम महिनाभर जगतात. शरदातली पिढी मात्र सात-आठ महिने जगते आणि पणजोबांच्या गावी जाऊन येते.

ऑगस्ट १९७६ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कातालिना होती, पण शोधाचं श्रेय मोठ्या नावांकडे गेलं. मला मात्र आणखी एक गोष्ट खटकते. 'शोध लागला' म्हणजे नक्की कुणाला? डोंगराखालच्या गावांना ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात, ऐन मृतांच्या सणाला. तिथे श्रद्धा अशी, की गेलेली माणसंच या रूपाने घरी परततात. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

असो. घर सापडलं आणि वाटेवरचं अन्न संपायला लागलं. १९९६ पासून तणनाशक सोसणारं सोयाबीन आलं, पाठोपाठ मका आला. फवारा मारला की पीक शाबूत आणि मिल्कवीड साफ. मेक्सिकोतली जंगलतोड आणि लहरी हवामान होतंच. फुलपाखरं मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टर होतं, म्हणजे जवळजवळ ४५ एकर. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर. पावणेदोन एकरसुद्धा नाही! २०२४-२५ मध्ये ते १.७९ हेक्टरपर्यंत सावरलं.

ओंटारिओ प्रांताने २०१४ मध्ये मिल्कवीडला उपद्रवी तणांच्या यादीतून काढलं. कॅन्सास विद्यापीठातल्या 'मोनार्क वॉच'ने २००५ पासूनच घरगुती बागांची नोंदणी सुरू केली होती. शेतातून हाकललेलं झाड अंगणात आलं ते असं.

इकडच्या मंडळींनी लावायचं असेल तर आपल्या भागातलं देशी मिल्कवीड बघा. बियांना थंडी लागते, म्हणून शरदातच पेरून मोकळे व्हा. नर्सरीत सहज मिळणारं लाल-पिवळं ट्रॉपिकल मिल्कवीड, म्हणजे आपलं हळदीकुंकू, दिसायला गोड. पण उबदार दक्षिणेत ते हिवाळ्यातही मरत नाही, आणि त्याच्या पानांवर मोनार्कला पोखरणारा परजीवी साचत जातो. औषध फवारू नका. पानांची चाळण झाली की समजा, बाग लागली.

आणि पुण्या-नाशकाकडच्या नातलगांनो, मोनार्क काही तुमच्याकडे येणार नाही. पण त्याचा चुलतभाऊ प्लेन टायगर रुईवर अंडी घालतो. कुंपणाकडेची रुई उपटायला माळी आला, तर आधी पान उलटून बघायला सांगा.