पाऊस, घाट आणि मागची चाके

गेल्या जूनमधली गोष्ट. मृगाचे दोनतीन झोडपे नुकतेच पडून गेले होते. शाळा सुटली, पोरे चिखल तुडवीत घरोघर पांगली, आणि फाटकाशी पाहतो तो एक निळ्याशार रंगाची, जमिनीला पोट टेकलेली मोटार उभी! तिच्याभोवती अर्धे यावल जमलेले. गर्दीतून एक तरुण पुढे आला आणि वाकून नमस्कार करू लागला. माझाच एक जुना विद्यार्थी. बाप केळीचा शेतकरी. पोरगा पुण्यात मोठ्या पगारावर लागलेला. गाडी जर्मन बनावटीची, दोनशे अठ्ठावन्न अश्वशक्तीची.

"सर, चला की, भुसावळपर्यंत एक चक्कर मारून येऊ," तो म्हणाला. आभाळ पुन्हा भरून आले होते. मी सहज विचारले, "ताकद पुढच्या चाकांना की मागच्या?"

पोरगा चकित झाला. मराठीच्या मास्तरने हे विचारावे, हे त्याला अपेक्षित नसावे. "मागच्या, सर. खरी मजा त्यातच असते."

"म्हणूनच विचारले," मी म्हणालो. गाडीत बसण्यापूर्वी त्याला एक गोष्ट सांगावी असे मनात होते. ती त्या दिवशी अर्धीच सांगून झाली. वाचकहो, उरलेली इथे सांगतो.

या गोष्टीचा आरंभ होतो सातपुड्याच्या पलीकडे, इंदुरास. इंदूर आपल्याला परके नाही. मुंबई-आग्रा रस्ता चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर करीत सेंधव्याकडे चढतो, तो आपल्या खानदेशातूनच. आणि चांदवडला होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे. बावला खून प्रकरणाच्या वादळात तुकोजीराव महाराजांनी १९२६ साली गादी सोडली आणि त्यांचे चिरंजीव यशवंतराव वयाच्या अठराव्या वर्षी महाराज झाले. हे यशवंतराव मोठे शौकीन. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा अगदी नव्या धाटणीचा सजवून घेतला. मोटारींच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच. उत्तम असेल तेच हवे.

त्या काळी अमेरिकेत डुसेनबर्ग नावाची गाडी मिळे. फ्रेड आणि ऑगस्ट हे दोघे भाऊ जर्मनीत जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत आयोवा प्रांतात गेले. आरंभी सायकलींचा धंदा, मग शर्यतीच्या मोटारी. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रान्समधली ग्रां प्री शर्यत जिंकली; त्याच वर्षी चारही चाकांना द्रवाच्या दाबाने लागणारे ब्रेक असलेली मोटार त्यांनी विक्रीस आणली. १९२८ च्या अखेरीस त्यांची 'जे' मालिका निघाली, अश्वशक्ती २६५. एवढ्यावर फ्रेडचे समाधान होईना. इंजिनात हवा कोंबून भरणारा पंखा बसवून त्याने १९३२ साली 'एसजे' काढली. तिची ताकद ३२० अश्वशक्ती. कंपनीचा दावा असा, की ती ताशी १२९ मैल धावते. नव्वदएक वर्षांपूर्वीचे हे आकडे आहेत, हे ध्यानात घ्यावे. ही सारी ताकद लोखंडी दांड्यातून मागच्या दोन चाकांना, आणि ती चाके आजच्या हिशेबाने अरुंद.

यशवंतरावांनी अशीच एक एसजे मागवली. सांगाडा अमेरिकेचा, त्यावरची काया लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने १९३५-३६ च्या सुमारास चढवली. नारिंगी आणि काळा रंग, स्टेअरिंग आपल्या पद्धतीने उजव्या हाताला, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर पावणेतेरा फूट. म्हणजे नुसत्या चाकांमध्येच खेड्यातली एक खोली मावावी! पुढे ही गाडी अमेरिकन संग्राहकांकडे परत गेली, आणि आजही जगातल्या देखण्या मोटारींत तिचे नाव घेतात.

मौज अशी, की त्याच १९३६ च्या डिसेंबरात आमच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले पहिलेच. नंदलाल बोसांनी ते नगर बांबू आणि बुरुडकामाने सजवले होते, आणि अध्यक्ष जवाहरलालजींची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून. सातपुड्याच्या एका अंगाला ३२० घोड्यांची डुसेनबर्ग, दुसऱ्या अंगाला बैलजोड्या. या बैलांकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

परंतु महाराजांची गाडी तयार होण्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती, आणि माझ्या विद्यार्थ्याला मला जी सांगायची होती ती हीच. २ जुलै १९३२. फ्रेड डुसेनबर्ग न्यूयॉर्कहून इंडियानापोलिसला परत चालला होता. हाताखाली स्वतः घडवलेली एसजे. पेनसिल्व्हेनियात लिगोनियर नावाचा डोंगर आहे. तिथला रस्ता घाटाचा आणि त्या दिवशी ओला. गाडी त्याच्या हातून सुटली आणि उलटली. इस्पितळात काही दिवस तो सुधारतो आहे असे वाटले. मग न्यूमोनिया झाला आणि २६ जुलैला तो गेला. वय पंचावन्न. त्या काळी ते इंजिन जगात त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? शर्यतीच्या गाड्या बनवण्यात त्याचे आयुष्य गेलेले, चार चाकांच्या ब्रेकांचा तर तो पुरस्कर्ताच. तरी ओल्या घाटाने त्याची ओळख ठेवली नाही.

त्या वळणावर त्या क्षणी नेमके काय झाले, हे सांगण्याचा आव मी आणणार नाही. पण अशा गाड्या पावसात कशा सुटतात, ते मात्र सांगता येते. आणि मला ते एंजिनियराने नव्हे, माझ्या मामाने शिकवले.

मामा भुसावळला एका केळी व्यापाऱ्याची अँबॅसिडर चालवीत. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. श्रावणातल्या एका संध्याकाळी शेठना उतरवून मामा मला यावलला सोडायला निघाले. अंजाळ्याचा घाट म्हणजे सह्याद्रीतल्या माणसाला हसू येईल असा. पण त्या दिवशी शेतांतून निघालेल्या बैलगाड्यांच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकली होती आणि वरून भुरभुर पाऊस. आमची काळी माती ओली झाली म्हणजे लोणी बरे! वळणात गाडीचा मागचा भाग एकाएकी बाहेर निघाला. आपण पुढे तोंड करून बसलो आहोत आणि गाडी आडवी चालली आहे, हा अनुभव ज्याला आला त्यालाच कळेल. मी किंचाळलो. मामांनी ब्रेकला पाय लावला नाही. रेसवरचा पाय अलगद, जणू निजलेल्या पोराखालून हात काढावा तसा सैल केला आणि शेपूट ज्या बाजूला चालले होते त्याच बाजूला स्टेअरिंग थोडे फिरवले. गाडीने एक हेलकावा खाल्ला आणि सरळ झाली. मग लगेच मामांनी स्टेअरिंगही परत सरळ केले; ते राहिले असते तर ती दुसऱ्या बाजूला फेकली गेली असती.

पुढे एका निंबाखाली गाडी थांबवून त्यांनी विडी पेटवली. हात मात्र थरथरत होता. म्हणाले, "ब्रेकले पाय लावला असता ना भाऊ, तर आपुन दोघं खाली असतो. हयूहयू काम करा लागते."

मग त्यांनी समजावले. बैल गाडीला पुढून ओढतो. बैल जिकडे तिकडे गाडी. मागे ती बिचारी येतेच. मोटारीचे तसे नाही. अँबॅसिडरला बैल मागे जुंपलेले आहेत, ते ढकलतात. ढकलणारा नेटाने ढकलू लागला आणि त्याचाच पाय चिखलात घसरला, तर पुढचा सरळ राहील कसा?

मामांचे शिक्षण चौथीपर्यंत, पण हे विवेचन शास्त्राला धरून आहे. टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे ठरावीक रकमेचे खाते. जोर लावण्यात, वळण धरून ठेवण्यात आणि ब्रेकमध्ये, तिन्ही खर्च त्याच एका खात्यातून होतात. ओल्या डांबरावर ही रक्कम पुष्कळ घटते, चिखलावर तर विचारूच नका. ताकद मागच्या चाकांना असली म्हणजे वळणात त्यांच्यावर दोन बोजे येतात, गाडी पुढे रेटणे आणि तिचे बूड जागेवर धरणे. रेस थोडी जास्त झाली की पहिल्या कामात सारी रक्कम संपते आणि दुसऱ्याला काही उरत नाही. बूड सुटते. उलट घाबरून रेस एकदम सोडली तर वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, आणि इंजिनाचा आवर तेवढ्या त्या हलक्या चाकांनाच बसतो. ओल्या उतारावर खालचा गिअर धसमुसळेपणाने टाकला तरी हेच. म्हणून ते 'हयूहयू'. देणे हलके आणि काढणेही हलके.

मग कारखानदार असल्या गाड्या करतात तरी का? कारणे पोकळ नाहीत. जोर लावताना वजन मागे सरकते, म्हणजे कोरड्या रस्त्यावर मागच्या चाकांना पकड अधिक मिळते. आणि पुढची चाके केवळ वळण्यासाठी मोकळी राहिल्याने स्टेअरिंग निर्मळ लागते. जोरकस गाडीला ही रचना मानवते. पुढच्या चाकांनी ओढणारी सित्रोएन फ्रान्समध्ये १९३४ सालीच आली होती. गंमत म्हणजे डुसेनबर्ग कंपनी ज्याने विकत घेतली त्या कॉर्ड नावाच्या गृहस्थाने १९२९ मध्ये स्वतःच्या नावाची पुढून ओढणारी मोटार बाजारात आणली होती. एकाच मालकाच्या तबेल्यात दोन्ही जातीची जनावरे!

आपल्याकडे मात्र अँबॅसिडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, दोन्ही मागून ढकलणाऱ्या. अँबॅसिडरची ताकद पन्नासएक अश्वशक्ती. ती चूक करायला वेळ घेई आणि सुधारायलाही वेळ देई. एका अख्ख्या पिढीच्या ड्रायव्हरांचे तळपाय या गाड्यांनी शिकवले. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती मालकाच्या हाती गेली, ती पुढून ओढणारी. हळूहळू घराघरांत तशाच गाड्या झाल्या. त्या ओल्या वळणात वेग जास्त झाला तर नाकासमोर सरळ जाऊ पाहतात. पाय काढला की बहुधा वळतात. तीस-चाळीस वर्षे आपण यांवर शिकलो, आणि आता आमच्या केळीवाल्यांची पोरे थेट दोन-अडीचशे घोडे मागे जुंपलेल्या गाडीत बसू लागली. मधली पायरी गळाली. मला काळजी वाटते ती इथे.

माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे, "सर, आता सगळे कॉम्प्युटर बघतो." ते खोटे नाही. ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी विजेची योजना १९७८ साली बॉश आणि मर्सिडीज यांनी गाडीत आणली. आपल्याकडे २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. १९९५ मध्ये त्याच दोघांनी त्याहून चतुर योजना काढली. गाडी आडवी होऊ लागली की ती नेमक्या एका चाकाचा ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोरही कमी करते. म्हणजे मामांचा पाय आणि मामांचा हात, दोन्ही यंत्रात घातले. आणि खरे सांगायचे तर मामांपेक्षाही जलद. फ्रेडच्या गाडीत हे असते तर तो कदाचित म्हातारा होऊन मेला असता. पण खात्यात जी रक्कम नाही ती यंत्रही काढून देऊ शकत नाही. टायर गुळगुळीत झाले असतील, किंवा टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला असेल, तर कॉम्प्युटर कोणत्या चाकाला सांगणार?

हा पाण्याचा थर म्हणजे काय प्रकरण आहे, याचा अभ्यास अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या धावपट्ट्यांसाठी केला. साचलेल्या पाण्यावर ठरावीक वेगानंतर चाक रस्ता सोडून पाण्यावरच तरंगू लागते, आणि तो वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. मोटारीच्या नेहमीच्या दाबाला तो ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. टायर झिजलेले असले, तर त्याआधीच. आमच्या जळगाव-भुसावळ चौपदरी रस्त्यावर ९० म्हणजे पोरांना बैलगाडी वाटते! तरंगू लागली की स्टेअरिंग एकाएकी हलके लागते. तेव्हा ते फिरवू नये, ब्रेक मारू नये. पाय सैल करून चाक खाली टेकण्याची वाट पाहावी. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटर राहीपर्यंत कायदा बोलत नाही, पण पावसाळा त्याच्या पुष्कळ आधी बोलतो. आणखी एक. दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर लोक ते हौसेने पुढे टाकतात. ते मागे टाकावेत. नाक घसरले तर निदान दिसते तरी; बूड घसरल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पहिल्या पावसाचे तर सांगायलाच नको. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते, आणि चांगली धार लागून ते धुऊन जाईपर्यंत रस्ता साबणाचा असतो.

यातले निम्मेही त्या दिवशी सांगून झाले नाही, कारण तोवर आम्ही अंजाळ्याच्या घाटापाशी येऊन पोचलो होतो आणि काचेवर टपोरे थेंब वाजू लागले होते. पोरगा गप्प झाला होता. गिअरजवळचे एक बटण त्याने दाबले. समोरच्या पडद्यावरचा तांबडा रंग जाऊन हिरवा झाला. मी काही विचारले नाही. वळण आले. त्याने वेग वळणाच्या आधीच उतरवला, आणि वळणात पाय तसाच धरून ठेवला. एका जागी गाडीने मागून किंचित अंग हलवले, पडद्यावर एक पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"तो दिवा कसला रे?" मी विचारले.

"घसरत होती, सर. तिने सांभाळले."

मामांचा निंब अजून तिथे आहे. त्याने गाडी त्याखाली लावली, छत्री न घेताच उतरला आणि मागच्या टायरच्या खाचांत अंगठ्याचे नख घालून पाहू लागला. मी काच खाली करून विचारले, किती उरल्यात?

"मागच्या कमी आहेत, सर," तो म्हणाला. मग त्याने गाडी वळवली, आणि आम्ही भुसावळला न जाता यावलला परत आलो.