लैंगिक आरोग्य शिक्षणातील उपस्थिती : जळगाव व धुळे

मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधन, गुप्तरोग आणि संमती यांविषयीच्या वर्गांना व शिबिरांना खानदेशात कोण येते आणि कोण येऊ शकत नाही, याचा विचार या नोंदीत केला आहे.

महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शाळांमधील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम मात्र 2007 मध्ये विरोधामुळे राज्यात थांबवला गेला. जानेवारी 2014 मध्ये 10 ते 19 वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या सल्ला केंद्रांना राज्यात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात.

गैरहजेरीचा दोष सहसा लाजेवर टाकला जातो. तो अर्धाच खरा आहे. दसरा-दिवाळीनंतर कापूस वेचणीला माणसे लागतात, तेव्हा घरातल्या मुलीची शाळा आधी बुडते. साक्री, शिरपूरकडची आदिवासी कुटुंबे ऊसतोडणीला गेली की मुलेही जातात. तालुक्याच्या शाळेत येणारी मुलगी एसटीच्या वेळेला बांधलेली असते. शाळा सुटल्यावर ठेवलेले व्याख्यान तिच्यासाठी नसतेच.

सर्वांत मोठी गळती लग्नामुळे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019–21) 20 ते 24 वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, तर धुळे जिल्ह्यात सुमारे 40 टक्के होते. अशी मुलगी शाळेतून सुटते आणि सासरी बैठकीला जायला सासूची परवानगी लागते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी येते, मैत्रिणींत मोकळी बोलते. पण तेव्हा शाळांना सुट्टी लागलेली असते किंवा लागण्याच्या बेतात असते, आणि शाळेवर बेतलेले शिबिर तिच्यापर्यंत पोचत नाही.

आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकांच्या, शब्दावर बाया जमतात. अहिराणीत किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी पावरीत बोलणे झाले तर प्रश्नही येतात. मात्र आशाताई त्याच गल्लीतली असल्याने अविवाहित मुलगी स्वतःची अडचण तिच्याजवळ काढायला कचरते. अशा मुलीसाठी बाहेरगावची समुपदेशक हवी.

मुलगे बहुधा वगळलेच जातात आणि मोबाइलवर मिळेल ते खरे मानतात. पुरुषांपर्यंत पोचण्याचे उदाहरण घ्यायचे तर धुळ्याजवळ मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग एकत्र येतात. तिथल्या ट्रकचालकांना गाठायचे तर मुक्कामाच्या ढाब्यावर, संध्याकाळी जावे लागते. गावातल्या तरुणांसाठीही हीच रीत धरावी, आणि विवाहित मुलींसाठी दरवर्षी आखाजीच्या आठवड्यात गावातच बैठक ठेवावी.