डोलकाठी पाडण्याची विद्या

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्यात, ब्यूर नदीच्या काठी हॉर्निंग नावाचे गाव आहे. तिथल्या सेलिंग क्लबाने १९६१ साली शिडाच्या होड्यांची एक शर्यत सुरू केली. ‘थ्री रिव्हर्स रेस’ हे तिचे नाव. ब्यूर, अँट आणि थर्न या तीन नद्यांतून सुमारे ५० मैलांचा फेरा, मुदत २४ तासांची, इंजिन वर्ज्य. चार ठिकाणच्या खुणांना वळसा घालून परत हॉर्निंगला यायचे. कोणती खूण आधी गाठायची आणि कोणती नंतर, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचे. या शर्यतीतले सर्वांत महत्त्वाचे कलम मला हेच वाटते. त्यामुळे ही शर्यत वेगाइतकीच वेळ साधण्याचीही होते.

येत्या वर्षी या शर्यतीत उतरायचा माझा बेत आहे. वय ५६, राहणार चिपळूण, शिडाच्या होडीत बसण्याचा अनुभव एकूण पंधरा दिवसांचा. भाचा नॉर्विचला नोकरीला आहे, त्याची लहानशी होडी आहे आणि तिच्यावर दुसरा माणूस हवा आहे. “मावशी, जुन्या बंदरांचे कागद वाचून झाले ना, आता जरा पाण्यावर ये,” असे तो म्हणाला. तयारी म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे आधी वाचायला घेतले. पुढे मांडते आहे ते त्या वाचनातून आणि त्या पंधरा दिवसांतून हाती लागलेले.

हा मुलूख सपाट, बोरूच्या बनांचा आणि उथळ तळ्यांचा. तळ्यांना ‘ब्रॉड’ म्हणतात, म्हणून सगळ्या प्रदेशालाच ब्रॉड्स हे नाव. सुमारे २०० किलोमीटरचा जलमार्ग, त्यावर कुठेही पाणी अडवणारे दरवाजे नाहीत, आणि भरती-ओहोटी थेट आतपर्यंत पोचते. ही तळी निसर्गानेच केली अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. १९५२ च्या सुमारास जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांच्या कडांशी अगदी जवळजवळ भोके पाडून गाळाचे नमुने काढले. कडा उभ्या आणि तळ सपाट निघाला. हे नैसर्गिक तळे नव्हते, खणलेला खड्डा होता. मध्ययुगात सरपणासाठी इथे पीट म्हणजे जळाऊ दलदलीची माती शतकानुशतके खणली गेली, पुढे पाणी चढले आणि खाणी बुडाल्या. सहकाऱ्यांसह केलेले हे संशोधन १९६० साली ग्रंथरूपाने आले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी शर्यत सुरू झाली. नवशिक्याला या संशोधनाचा रोकडा उपयोग आहे. हिकलिंग हे शर्यतीतले मोठे तळे. त्यात खांबांनी आखलेली वाट सोडून मोकळ्या दिसणाऱ्या पाण्याकडे वळले की होडीचा तळ जिथे टेकतो, ती सात-आठशे वर्षांपूर्वीच्या मजुरांनी सोडलेली जमीन असते.

या पाण्यावर रस्ते होण्याआधी माल वाहिला तो ‘व्हेरी’ नावाच्या गलबतांनी. एकच काळे शीड, २० ते ४० टन माल, आणि माणसे दोन. एक तांडेल, दुसरा बहुधा पोऱ्या, कधी तांडेलाची बायको. व्हेरीची खरी करामत डोलकाठीत होती. काठीच्या बुडाशी टनाहून अधिक वजनाचे शिसे बसवलेले असे, आणि काठीला बाजूचे ताण नसत, फक्त नाळेकडचा एक दोर. तो सैल केला की भलीमोठी काठी तराजूच्या दांडीसारखी मागे झुके आणि पूल ओलांडला की एकटा माणूस ती पुन्हा उभी करी. मुरलेला तांडेल वेग न मोडता हे करत असे. मालवाहतुकीत वेग मोडणे म्हणजे भरती चुकणे, आणि भरती चुकली की खाडा.

हे वाचताना मला वाशिष्ठीची आठवण होणे साहजिक होते. गोवळकोटपर्यंत माल याच हिशेबाने वर यायचा. भरतीबरोबर आत, सुकतीबरोबर बाहेर. उधाण आणि भांग हे शब्द आमच्याकडे खाडीकाठच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत, पण त्या शब्दांवर चालणारे शिडाचे गलबत नाही. नॉर्फोकात गलबतांचा धंदा असाच गेला. १८४४ साली नॉर्विच-यारमथ रेल्वे झाली, पुढे मालमोटारी आल्या. १९४९ साली ‘ॲल्बियन’ ही १८९८ ची व्हेरी वाचवण्यासाठी लोकांना न्यास स्थापावा लागला, यावरूनच काय ते समजावे. मग डोलकाठी पाडायची विद्या तिकडे टिकली कशी?

सर्वसाधारण उत्तर असे की शिडाचा खेळ हा हौशी, पैसेवाल्या मंडळींचा आणि धंद्याचा त्याच्याशी संबंध नाही. मला हे पटत नाही. १८७४ मध्ये रॉक्समला रेल्वे पोचली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जॉन लॉइन्स नावाच्या सुताराने तिथे होड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. १८८२ मध्ये जी. क्रिस्टोफर डेव्हिस यांचे या नद्यांवरचे मार्गदर्शक पुस्तक आले आणि लंडनकर सुट्टीला येऊ लागले. त्यांच्यासाठी मालाच्या व्हेरी उन्हाळ्यापुरत्या धुऊनपुसून, आत बिछाने टाकून भाड्याने दिल्या जात, आणि होडीबरोबर तांडेलही मिळे. पाहुणे पत्ते खेळत असताना पूल आला की काठी पाडणारा हात धंद्यातलाच होता. पुढे सुट्टीच्या होड्या खास बांधल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनाही काठी पाडायची सोय ठेवावीच लागली, कारण पूल होते तिथेच होते. पॉटर हाइमचा दगडी पूल मध्ययुगीन आहे आणि भरतीला त्याच्या कमानीखाली जेमतेम साडेसहा फूट उंची उरते. तो कुणी पाडला नाही, उंचही केला नाही. विद्या टिकली त्याचे अर्धे श्रेय मी या पुलाला देते.

धंदा आणि शर्यत यांचे नाते इतरत्रही दिसते. टेम्स नदीवर १८६३ साली मालाच्या बार्जेसची शर्यत सुरू झाली, ती हेन्री डॉड या लंडनचा कचरा उपसून श्रीमंत झालेल्या गृहस्थाच्या पुढाकाराने. बार्जची बांधणी सुधारावी आणि खलाशांचा मान वाढावा हा त्याचा हेतू होता. मरताना त्याने या कामासाठी ५,००० पौंड ठेवले. तिथे धंदा जिवंत असताना शर्यत आली, नॉर्फोकात धंदा मेल्यावर. म्हणून नॉर्फोकची शर्यत मला जास्त जवळची वाटते. तिच्या नियमांत इंजिन नाही, पुलाखालून जाताना मात्र काठीने रेटणे चालते. एवढ्या दोन अटींनी शंभरेक होड्यांवरच्या माणसांना वर्षातून एक दिवस तांडेलाचे सगळे हिशेब करावे लागतात.

त्या पंधरा दिवसांत भाच्याने माझ्याकडून काठी पाडण्याचीच तालीम करून घेतली. आधी शीड उतरवायचे, मोकळे दोर होडीत आवरून घ्यायचे, मग नाळेकडचा ताण सोडत काठी मागे घ्यायची आणि डोके बाजूला ठेवायचे. आमच्या होडीच्या काठीला शिशाचे वजन नाही, त्यामुळे तिचा भार हातांवरच येतो. चिखलात टाकायचे वजन हाताशी हवे. तिथे नांगराऐवजी तेच वापरतात, कारण वारा पडला आणि ओढ उलटी असली की थांबून राहणे हीच कमाई. रात्री वारा बहुधा पडतो. दिवा, गरम चहा आणि कोरडे मोजे याही गोष्टी भाच्याने यादीत घातल्या आहेत; त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरा प्रश्न क्रमाचा. अँट आणि साउथ वॉल्शम या खुणा हॉर्निंगहून जवळ, त्या पुढेमागे कशाही होतात. पेच पडतो तो थर्न नदी ब्यूरला मिळते तिथे. डावीकडे वर गेले तर पॉटर हाइमचे पूल आणि पलीकडे हिकलिंग. सरळ खाली गेले तर ॲकलचा पूल आणि त्याच्या पुढची खूण. दोन्ही फेऱ्यांत काठी जाताना पाडायची आणि येतानाही. खालची फेरी सुकतीबरोबर जाऊन भरतीबरोबर परतायची, वरची बरोबर उलट. यारमथला पाणी चढल्यावर ॲकलला ते दोन-अडीच तासांनी चढते आणि पॉटर हाइमला त्याहून बऱ्याच उशिरा. शिवाय तिथे पाणी जास्त चढले की कमानीखालची जागा कमी.

मी भरतीच्या कोष्टकावरून दोन तक्ते केले आहेत, एक उधाणाचा आणि एक भांगाचा. भाच्याचे म्हणणे, वारा पडायच्या आत हिकलिंग उरकावे, कारण पुलापलीकडे रात्र काढणे नको. माझे म्हणणे, सुकती मिळत असेल तर आधी ॲकल, कारण खालच्या भागात ओढ जोराची आणि तिच्याविरुद्ध आमच्यासारख्यांचा निभाव लागायचा नाही. फोनवर दर रविवारी यावर वाद होतो. शर्यतीची तारीख आणि त्या दिवशीच्या पाण्याची वेळ हाती आली की तक्ता तिसऱ्यांदा करायचा आहे.