सुवर्णमृग आणि बारापेडेचें वटवाघूळ

पंचवटी म्हटली कीं आपणांस सुवर्णमृग आठवतो. तो मायावी होता. खऱ्या वन्य पशूंच्या शोधाचें एक मोठें कार्य मात्र पंचवटीच्या शेजारीं, खानदेशांत, १९११ सालीं सुरू झालें.

मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्यें आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनीं स्थापिली. निवृत्त वनाधिकारी राउटन यांच्या प्रेरणेनें तिनें देशांतील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली. खर्चासाठीं सभासद, संस्थानिक व सरकार यांच्याकडून द्रव्य मिळवावें लागलें. १९२३ पर्यंत सुमारें २५,००० नमुने जमले.

सोसायटीच्या प्रेटर यांस १९१२ मध्यें खानापूर तालुक्यांतील तळेवाडीजवळ, बारापेडे गुहेंत, मोठ्या कानांचें एक कीटकभक्षी वटवाघूळ आढळलें. पुढील वर्षीं लंडनच्या ओल्डफील्ड टॉमस यांनीं त्यास राउटन यांचें नांव दिलें. जवळजवळ नव्वद वर्षें जगांत त्याचें हें एकच घर ठाऊक होतें. मग मेघालय व कंबोडियांतही तें सांपडलें.

प्राणी मारून त्याचें कातडें पेटींत ठेवणें म्हणजे रक्षण नव्हे, हें खरें. परंतु ज्यास नांवच नाहीं, त्याचें रक्षण कायदा तरी कसें करणार? त्या नांवामुळेंच या वटवाघुळास वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान लाभलें. गुहेभोंवतीचें भीमगडचें रान अभयारण्य होण्यास मात्र २०११ साल उजाडलें. तोंपर्यंत गुहा उद्ध्वस्त झाली असती, तर? म्हणून शोधास साहाय्य करावें आणि रक्षणास विलंब लावूं नये.