मे महिन्यातली बादली आणि वांगी

मे महिन्यात मुलांना चित्रकलेच्या वर्गाला घालायची आपली रीत कलाप्रेमातून आली, असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. जन्मभर कराडात ड्रॉइंग मास्तरकी केली, म्हणून सांगतो: ती आली एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या धसक्यातून. परीक्षा सप्टेंबरअखेर, शाळेत आठवड्याला ड्रॉइंगचे तास दोन, त्यातला एक गणिताचे सर मागून न्यायचे. हात बसवायला सुट्टीखेरीज वेळ होता कुठे?

या परीक्षांचं मूळ विलायती. कारखान्यातला माल नक्षीत उणा पडतो, हे 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात इंग्रजांना टोचलं. मग हेन्री कोल यांच्या सरकारी कलाखात्याने लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधून साऱ्या देशाला रेषा शिकवायचं मनावर घेतलं. मुक्तहस्त, भूमिती, नमुना पाहून चित्र, आणि त्यांच्या श्रेणीवार परीक्षा. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून 1857 साली मुंबईत निघालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने हाच कित्ता उचलला, आणि तिथे तयार झालेल्या मास्तरांबरोबर तो गावोगावच्या शाळांत उतरला. कारागिराचा हात सफाईदार व्हावा, एवढाच त्यामागचा हेतू. चित्रकलेच्या परीक्षेला कंपासपेटी न्यावी लागते ती त्यामुळे.

आमचा वर्ग सकाळी सातला भरे, कारण दहानंतर कौलं तापत. मधोमध बादली, पुढे दोन वांगी, मागे चुरगळलेली चादर. एक डोळा मिटायचा, हात ताठ करायचा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं. सुरुवातीला नुसतं खिदळणं चाले. मग यायचं बादलीचं तोंड. ते गोल असतं हे मुलाला ठाऊक, म्हणून तो गोलच काढतो. समोर दिसतं मात्र लंबगोल. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसेल ते काढणं चौदाव्या वर्षी भलतंच जड जातं. संकल्पचित्रात मात्र कोणाचंच अडत नसे, कमळं आणि मोर तयारच असत. स्मरणचित्रासाठी मी मुलांना कृष्णेच्या घाटावर धाडायचो, कागद न देता. धुणं धुणाऱ्या बायका बघून या, म्हणायचो. परत आल्यावर कोणी पिळलेल्या लुगड्याची मुरड नेमकी काढे, तर कोणाला फक्त म्हैस आठवे.

पुढे वर्गाचं शिबिर झालं. भूमिती गेली, वारली आली. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या वारली आदिवासी बायकांची ही कला. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि त्यांच्यातल्याच जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली. शिबिरात ती तासाभरात कापडी पिशवीवर उरकते. मला ते खटकतं.

अलीकडे इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7, बीला 5 आणि सीला 3 गुण मिळू लागले, तसे बादलीचे वर्गही पुन्हा भरू लागले. मीही घरच्या ओसरीवर घेतो. आईबाप सात गुणांसाठी येतात, आणि पहिला आठवडाभर मी रंगाला हात लावू देत नाही म्हणून पोरं कुरकुरतात.