पानिपतचा इतिहास कोणत्या पुस्तकांत वाचावा ?



पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी मराठी माणसाच्या बोलण्यातून ती गेलेली नाही. कोणाचा धंदा बुडाला तर त्याचे ‘पानिपत झाले’ असे आपण म्हणतो. भरवशाची गोष्ट निघाली तर ‘विश्वास गेला पानिपतात’ असे चटकन उत्तर मिळते. ज्या युद्धाने भाषेत असे घर केले आहे, त्याविषयी एखादे चांगले पुस्तक वाचावे अशी इच्छा सुशिक्षित कुटुंबांत सहजच उत्पन्न होते. माझे आयुष्य शाळेत मुलांना शिकविण्यात गेले असल्यामुळे, ‘मास्तर, पानिपतवर कोणते पुस्तक वाचावे?’ असा प्रश्न मला अनेक वेळा विचारण्यात येतो. त्याचेच उत्तर आज थोडक्यात देण्याचे मी योजिले आहे.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पानिपतवर पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांत कोणीतरी एक अपराधी ठरविलेला आहे. कोणी म्हणतो, भाऊसाहेबांच्या गर्वाने घात केला. कोणी म्हणतो, मल्हारराव होळकरांनी पाय काढता घेतला. कोणी गोविंदपंत बुंदेल्यांवर ठपका ठेवतो, तर कोणी सूरजमल जाटाच्या निघून जाण्यावर. घरात एकच पुस्तक असले म्हणजे त्यातील अपराधी हाच त्या घरातील मुलांचा कायमचा अपराधी होऊन बसतो. ज्यांच्यावर आरोप आहे ती माणसे आपली बाजू सांगण्यास आता येऊ शकत नाहीत. म्हणून पुस्तकाची निवड ही येथे केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. ती न्यायाची बाब होते.

माझी कसोटी मी प्रथमच सांगून टाकतो. न्यायालयात खालच्या निकालावर वर दाद मागता येते. तशीच लेखकाच्या निकालावर दाद मागण्याची सोय ज्या पुस्तकात आहे, ते युद्धावरील चांगले पुस्तक समजावे. लेखकाने आपले मत सांगावे, जोराने सांगावे. परंतु ज्या आधारावर ते मत बनले, तो आधारही वाचकापुढे ठेवावा. ह्या कसोटीने आपण एकेक ग्रंथ पाहू.

प्रथम बखरी. ‘भाऊसाहेबांची बखर’ ही कृष्णाजी शामराव याने लढाईनंतर थोड्याच वर्षांत लिहिली असे सामान्यतः मानले जाते; काशीनाथ नारायण साने यांनी ती छापून प्रसिद्ध केली. रघुनाथ यादवाची ‘पाणिपतची बखर’ ही दुसरी. विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांच्या आज्ञेवरून ती लिहिली गेली असे सांगतात. मराठी गद्याचा ओघ आणि ठसका अनुभवावयाचा असेल, तर ह्या बखरी अवश्य वाचाव्या, आणि शक्य तर मोठ्याने वाचाव्या. परंतु बखरकार लाखांखाली बोलत नाही. बंद तंबूत दोघांचे जे बोलणे झाले, तेही तो शेजारी बसून ऐकल्याप्रमाणे सांगतो, आणि आपल्याला ते कोठून कळले हे मात्र सांगत नाही. त्या काळच्या लोकांना पराभवाचे काय वाटले हे बखरीवरून समजते. रणांगणावर प्रत्यक्ष काय घडले ह्याविषयी तिचा एकटीचा शब्द पुरेसा नाही.

यानंतर प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची दोन लेखने येतात. काशीराज पंडित हा मूळचा दक्षिणी, पण अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या चाकरीस होता. म्हणजे तो अब्दालीच्या बाजूच्या गोटातून ही लढाई पाहत होता. तहाच्या बोलण्यांत त्याचा हात होता, आणि विश्वासरावांच्या देहाला शास्त्रोक्त अग्निसंस्कार व्हावा म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत तोही होता. त्याने आपली हकीकत फारसीत लिहिली, परंतु १७८० साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. स्मरणाला इतक्या काळात कोठे ना कोठे गंज चढतोच.

दुसरे लेखन नाना फडणविसांचे आत्मचरित्र. पानिपतावर असताना नानांचे वय एकोणिसाच्या आत होते; आई आणि पत्नी बरोबर होत्या. रणांगणातून अंगावरील वस्त्रे टाकून, अन्नावाचून, जीव मुठीत धरून ते कसे निसटले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. पत्नी पुढे सुखरूप मिळाली. आई गेली ती गेलीच. मजकूर थोडा आहे, पण ज्याला फौजेबरोबर गेलेल्या कुटुंबकबिल्याचे काय झाले असेल ह्याची कल्पना हवी, त्याने ही थोडी पाने चुकवू नयेत. अर्थात पळणाऱ्या माणसाला सगळे रणांगण दिसत नाही. त्याला पुढची वाट तेवढी दिसते, हेही लक्षात ठेवावे.

इंग्रज ग्रंथकारांत ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन भागांत निघाला आणि डेव्हिड केपनकृत मराठी भाषांतरामुळे तो लवकरच आपल्या लोकांच्या हाती आला. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत पराभवाची वार्ता कळविणारे सावकारी पत्र आपल्या घरोघरी ठाऊक आहे. ते ह्या ग्रंथातही आले आहे. डफने श्रम फार केले, परंतु तो परक्या सत्तेचा अधिकारी होता. १८६७-६८ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या विद्यार्थ्याने त्याच्या ग्रंथाची मराठीतून कसून छाननी केली. मोठ्या ग्रंथकाराविरुद्ध दाद मागण्याचे हे आपल्याकडील पहिले ठळक उदाहरण होय.

आता ज्या ग्रंथापाशी मला जरा थांबावयाचे आहे, तो म्हणजे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड. तो १८९८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात १७५० ते १७६१ ह्या काळातील पत्रे आहेत. ही पत्रे इतिहास म्हणून कोणी लिहिली नव्हती. पैसा पाठवा, नावा मिळवा, शत्रूची रसद मारा, बाकीचा हिशेब द्या, असा त्यांतील मजकूर. भाऊसाहेब १७६० च्या मार्चमध्ये पडदूरहून निघाले, ऑगस्टात दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला. इतक्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसल्या. ह्या क्रमाने पत्रे वाचीत गेले म्हणजे पैशाची निकड कशी वाढत गेली हे दिसते. लिहिणाऱ्याला पुढचा निकाल ठाऊक नसतो, वाचणाऱ्याला असतो. म्हणून साधी हिशेबाची ओळसुद्धा काळजाला लागते.

ह्या खंडाला राजवाड्यांनी मोठी प्रस्तावना जोडली आणि तीत पराभवाच्या दोषाचा फार मोठा वाटा गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांच्या माथी मारला. गोविंद बल्लाळ खेर हे मूळचे कोकणातील. बुंदेलखंड व अंतर्वेदी येथील वसुलाचे काम त्यांच्याकडे होते. भाऊसाहेबांची तगाद्यावर तगादे लावणारी पत्रे वाचून वाचकालाही प्रथम राजवाड्यांसारखेच वाटू लागते. परंतु तोच वाचक आणखी विचार करील तर त्याला दुसरी बाजू दिसेल. पावसाळ्यात भरून वाहणारी यमुना, बंडावलेला मुलूख, उतारवयाचा आणि लढवय्यापेक्षा मामलेदारीत मुरलेला मनुष्य. आणि अखेर अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असतानाच १७६० च्या डिसेंबरात त्यांच्यावर अकस्मात हल्ला होऊन ते मारले गेले. हिशेबात त्यांची कसूर असेल. पण ज्याने त्याच मोहिमेत मस्तक दिले, त्याला एका शब्दात निकालात काढणे कितपत योग्य? राजवाड्यांच्या निर्णयाला पुढे विरोधही झाला.

येथेच राजवाड्यांचा मोठेपणा दिसतो. त्यांनी निकाल कठोर दिला, पण पुरावा दडविला नाही. ज्या पत्रांच्या बळावर त्यांच्याविरुद्ध बोलता येते, ती पत्रे त्यांनीच छापून आपल्या हाती दिली. मत चुकीचे असूनही ग्रंथ उत्तम असू शकतो, तो असा.

पुढे १९३० ते १९३४ ह्या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि पानिपतविषयक पत्रांत मोठी भर पडली. ज्याला एवढे कागद चाळण्यास सवड नाही, त्याने सरदेशांच्या ‘मराठी रियासती’तील पानिपतचे प्रकरण वाचावे, सबंध हकीकत सलग व शांतपणे सांगणारे असे दुसरे मराठी लेखन क्वचितच सापडेल. इंग्रजी वाचणाऱ्यांनी त्याच्या जोडीला यदुनाथ सरकार यांच्या मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाचा १९३४ साली निघालेला दुसरा भाग घ्यावा. सरकार फारसी साधनांचे पारंगत. उत्तरेकडून ही लढाई कशी दिसत होती हे त्यांच्याकडून कळते. काशीराजाने मराठ्यांचे घोडदळच ५५,००० दिले आहे आणि पायदळ व पेंढारी वेगळे. सरकारांच्या मते लढणारे मराठे एकंदर ४५,००० च्या आसपास, आणि अब्दालीचे सैन्य ६०,०००. एकाच लढाईचे हे दोन हिशेब शेजारी ठेविले म्हणजे कोणताही आकडा डोळे मिटून पाठ करू नये, हा धडा आपोआप मिळतो.

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ प्रथम १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली, लढाईस दोनशे वर्षे झाली तेव्हा, मराठीत निघाला. कुटुंबकबिला मध्ये घेऊन ‘गोल’ बांधून शत्रूची फळी फोडीत निघावयाचे, हा मराठ्यांचा बेत होता आणि तो गोल फुटल्यामुळे नाश झाला, अशी त्यांची मांडणी आहे. भाऊसाहेबांकडे ते सहानुभूतीने पाहतात, आणि परकीय आक्रमकाविरुद्ध उभा राहिलेला एक पक्ष म्हणून मराठ्यांचे समर्थन करतात. एकच मराठी ग्रंथ घ्यावयाचा असे कोणी बजावलेच, तर मी शेजवलकर घेईन. मात्र सरदेसाई शेजारी ठेवूनच वाचीन.

आता कादंबरी. आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातील विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही १९८८ साली आली आणि जे कधी इतिहासाच्या वाटेस गेले नसते, त्यांनाही तिने ह्या विषयाची गोडी लावली. हे लहान काम नव्हे. थंडी, उपासमार, घोड्यांची दैना ही कादंबरीत जशी अंगावर येते, तशी दप्तरात येत नाही. परंतु कादंबरीतील संवाद हा पुरावा नव्हे. कादंबरी दारापर्यंत आणून सोडते. आत आपल्या पायांनी जावे लागते.

वाचनात सावध राहण्याची गरज किती असते, ह्याचे एक लहानसे उदाहरण देतो. पानिपतचा संहार ऐन मकरसंक्रांतीस झाला अशी सार्वत्रिक समजूत आहे, कारण १४ जानेवारी म्हटली की आपल्याला तिळगूळ आठवतो. परंतु संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकत आली आहे. १७६१ च्या काळात ती १० जानेवारीच्या आसपास पडत असे. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार. चूक क्षुल्लक आहे खरी. पण जी गोष्ट पंचांगाने पडताळता येते तीही आपण पडताळीत नाही, तर मनुष्यांवरील आरोप काय पडताळणार?

कोणी म्हणेल, ही साधने लहान गावात कोठून मिळावी? आमचे जयसिंगपूर शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविले. येथे जुना वाडा नाही, की माळ्यावर दप्तराचा रुमाल नाही. पण कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे, आणि जवळच्याच मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातील कागदांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडामागून खंड छापला. पानिपतानंतर मराठे पुन्हा कसे सावरले, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने ह्या संग्रहाकडे वळावे. पगारी मास्तरने केलेले हे काम पाहिले म्हणजे सवड नाही ही सबब तोंडी येत नाही.

तेव्हा घरातील वाचनाचा क्रम मी असा सुचवितो. मुलांनी कादंबरीपासून आरंभ केला तर त्यांना अडवू नये. मग रियासतीतील प्रकरण वाचावे, मग शेजवलकर. आणि शेवटी राजवाड्यांच्या खंडातील निदान वीस-पंचवीस पत्रे सर्वांनी मिळून वाचावी. प्रत्येक पुस्तक उघडताना चार गोष्टी विचाराव्या: लिहिणारा कोण, लढाईनंतर किती वर्षांनी लिहितो, त्या दिवशी तो किंवा त्याचा साक्षीदार कोठे उभा होता, आणि लिहितो कोणासाठी.

पानिपतावर ज्यांची नावे राहिली ती शेपन्नास. ज्यांची राहिली नाहीत ती हजारो. त्यांच्यासाठी आता आपण काही करू शकत नाही. त्यांच्याविषयी जे वाचू ते नीट पारखून वाचावे आणि मुलाबाळांपुढे बोलताना आधारावाचून कोणाला अपराधी म्हणू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे. ही विनंती करून मी आपली रजा घेतो.