जळालेल्या नळ्या, उरलेला नाद

ऑर्गन हा शब्द मराठी माणसाला परका नाही. संगीत नाटकांनी तो आपल्या कानांवर घातला आहे. मात्र नाट्यपदांच्या साथीला वाजणारा तो ऑर्गन म्हणजे पायांनी भाता चालवायची पेटी. तिच्यात पितळी पत्त्या थरथरतात आणि सूर उमटतो. आज मी बोलणार आहे तो ऑर्गन निराळा. युरोपातल्या चर्चमधला, नळ्यांचा. त्यात कथील, शिसे आणि लाकूड यांच्या हजारो नळ्या असतात. काही पेन्सिलीएवढ्या, तर काही दोन मजली घराएवढ्या उंच. प्रत्येक नळीचा सूर एकच. एका जातीच्या नळ्यांचा एक संच असतो, त्याला स्टॉप म्हणतात. कुठला संच बासरीच्या जवळचा, कुठला सनईच्या, कुठला तुतारीच्या. वादक हवे ते संच खुले करतो आणि हातापायांनी पट्ट्या दाबतो. भात्यातली हवा नळीत शिरते आणि नळी बोलू लागते.

या वाद्याचा प्रवास मोठा गमतीचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअस नावाच्या कारागिराने पाण्याच्या दाबावर हवा खेळवून नळ्या वाजवल्या. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली. त्याआधी ७५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला होता. पुढे दरबारातले हे वाद्य चर्चमध्ये गेले आणि तिथे असे रुजले की इमारतीचाच एक भाग होऊन बसले.

इमारतीचा भाग, हे शब्दशः खरे आहे. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवली की ती टाळी आपली एकट्याची राहत नाही, घुमटाचीही होते. ऑर्गनचे तसेच आहे. उंच दगडी छताखाली एक सूर सोडला, तर तो कित्येक सेकंद रेंगाळतो, भिंतींना स्पर्श करीत परत येतो. कारागीर नळ्यांचे आवाज त्या विशिष्ट वास्तूसाठीच जुळवतो. म्हणून सतार एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते, ऑर्गन नेता येत नाही. आणि म्हणूनच वास्तू जळाली की तोही जळतो.

जर्मनीतल्या ल्यूबेक शहरी सेंट मेरी चर्चमध्ये डिट्रिश बुक्स्टेहूडे हा थोर वादक होता. त्याला ऐकण्यासाठी १७०५ साली वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख आर्नश्टाटहून सुमारे ४०० किलोमीटर चालत आला. चार आठवड्यांची रजा घेऊन आला आणि काही महिने राहिला. ज्या चर्चमध्ये तो आला होता, तिथला 'मृत्युनृत्य' या नावाने ओळखला जाणारा जुना ऑर्गन १९४२ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्याच्या आगीत नष्ट झाला. मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा आजही तिथे पडल्या जागी, फुटलेल्या अवस्थेत ठेवल्या आहेत. घंटांचे तुकडे तरी उरले. ऑर्गनच्या आवाजाचे तुकडे कुठून आणायचे?

हॅम्बुर्गच्या सेंट कॅथरिन चर्चमधला ऑर्गन थोडा भाग्यवान ठरला. १७२० मध्ये बाखने तो वाजवला होता. १९४३ च्या बॉम्बवर्षावात तोही गेला, पण सुमारे ५२० नळ्या हाती लागल्या. त्या जुन्या नळ्या सामावून घेऊन नवा ऑर्गन उभा राहिला तो २०१३ मध्ये. मध्ये सत्तर वर्षे गेली.

या शतकाच्या सुरुवातीला मार्टिन डाइड या इंग्रज गृहस्थाने 'हाउप्टवेर्क' नावाचा संगणक प्रोग्रॅम तयार केला आणि एक निराळीच वाट उघडली. कल्पना सांगायला सोपी आहे. ऑर्गनची एकेक नळी स्वतंत्र वाजवायची, तिचे ध्वनिमुद्रण करायचे आणि ते संगणकात साठवायचे. मग साधनाच्या पट्ट्या संगणकाला जोडून जी पट्टी दाबाल त्या नळीचा खरा आवाज ऐकायचा. करायला मात्र हे काम फार चिकाटीचे. बहुधा रात्री, रस्त्यावरची रहदारी थांबल्यावर माणसे मायक्रोफोन घेऊन बसतात. पट्टी दाबून धरतात, सोडतात, आणि शेवटची प्रतिध्वनीची लहर विरेपर्यंत श्वास रोखून थांबतात. पुन्हा तीच पट्टी, पण क्षणभरच दाबलेली, कारण आखूड सुराचा प्रतिध्वनी लांब सुराच्या प्रतिध्वनीसारखा नसतो. पन्नास संचांचा ऑर्गन असेल तर हे हजारो वेळा करावे लागते. त्यानंतर हवेच्या पंख्याची घरघर स्वच्छ करायचे काम, तेही महिनोन् महिन्यांचे.

म्हणजे साठवली जाते ती नुसती नळी नव्हे, नळी आणि घुमट यांचे संभाषण साठवले जाते. या कामाचे मोल मला त्यातच वाटते.

प्राग शहरातल्या 'सोनुस पारादिसी' या संस्थेने असे अनेक ऑर्गन संगणकात आणले आहेत. लॅटिनमधल्या या नावाचा अर्थ स्वर्गाचा नाद. त्यांपैकी एक आहे फ्रान्समधल्या काँ शहरच्या सेंट एतियेन चर्चमधला, आरिस्टीड काव्हाये-कोल या नामांकित कारागिराने १८८५ मध्ये घडवलेला. हे चर्च इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने अकराव्या शतकात उभारले, त्याची कबरही तिथेच आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि काँ शहर बॉम्बगोळ्यांखाली भाजून निघाले. हजारो नागरिक बिछाने-बोचकी घेऊन या चर्चच्या आणि त्याच्या मठाच्या आसऱ्याला आले. शहराचा मोठा भाग ढिगारा झाला, चर्च वाचले, आणि ऑर्गनही वाचला. आज जगात कुठेही, एखाद्या छोट्या खोलीत बसलेला विद्यार्थी त्याच नळ्यांचा आवाज आपल्या बोटांखाली ऐकू शकतो. २०२० मध्ये साथीच्या काळात चर्च बंद झाली, तेव्हा ज्या वादकांच्या घरी ही सोय होती त्यांचा रियाज थांबला नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. खऱ्या ऑर्गनचा खर्ज कानांच्या आधी पायांना कळतो, बाकातून चढतो. तो लाउडस्पीकरला सहज साधत नाही. खूप पट्ट्या एकदम दाबल्या की भात्यावर ताण येतो, सूर किंचित डगमगतो. संगणक त्याचीही नक्कल करतो, पण ती हिशेबाने केलेली नक्कल असते. शिवाय ध्वनिमुद्रण त्या चार-सहा रात्रींचे. नळ्यांची त्या वेळची सुरावट, त्या ऋतूतले हवामान, सगळे तिथेच थांबते. खरा ऑर्गन मात्र थंडी-उन्हाबरोबर बदलत राहतो. आणि मोठी भीती अशी, की संगणकातला आवाज सुरेख आहे म्हटल्यावर खऱ्या नळ्यांची डागडुजी करायला पैसे कोण देणार?

मला हे पोथीसारखे वाटते. जुन्या काळी लेखनिक बसून पोथीची नक्कल करीत. नक्कल झाली म्हणून कुणी मूळ पोथी वाळवीला देत नसे. पण मूळ पोथी पुरात गेली, तर नक्कलच पुढच्या पिढीला तारत असे. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसचे नोत्रदाम पेटले. त्यातला ऑर्गनही काव्हाये-कोलच्या हातून गेलेला. आग त्याच्यापर्यंत पोचली नाही, पण सुमारे ८००० नळ्यांवर शिशाची धूळ बसली. सगळा ऑर्गन सोडवून साफ करावा लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा घुमला. जुलै २०२० मध्ये नांत शहरच्या कॅथीड्रलला आग लागली. तिथला १६२१ चा ऑर्गन फ्रेंच राज्यक्रांतीतून वाचला होता, महायुद्धातून वाचला होता, १९७२ च्या आगीतूनही वाचला होता. या वेळी तो एका सकाळीत संपला.

चारशे वर्षे टिकलेली वस्तू उद्याही टिकेल, असे आपण गृहीत धरतो. नांतच्या लोकांनीही धरले असेल. नक्कल करून घ्यायची ती अस्सल ठणठणीत असतानाच, आणि नक्कल झाल्यावरही अस्सल जपायचे, एवढे शहाणपण या यंत्रयुगातल्या लेखनिकांकडून घेण्यासारखे आहे. कारण राख झालेल्या नळीसमोर कितीही चांगला मायक्रोफोन ठेवला, तरी त्याला काही ऐकू येत नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)